अंजूरला, आईचे नवे दात पाहायला

मे महिन्याची सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी मी सटाण्याहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. शाळेत सांगितलं, आईचे नवे दात पाहायला भिवंडीला चालले आहे. ते खरंच होतं. पण ते दात दुसऱ्या कोणीतरी करून दिले याचा मला राग होता, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. वाडा तालुक्यातल्या आमच्या खेड्यात आई दुसऱ्यांच्या शेतावर भातलावणीला जायची. तिच्या त्या कष्टांमुळे मी वसतिगृहात राहून शिकले. शिक्षिका झाल्यावर पहिलं मोठं काम केलं ते आईला कवळी करून देण्याचं. तिच्या उपकारांची फेड होणार नव्हती, पण निदान तिच्या तोंडात माझी आठवण राहील असं वाटलं होतं. आता आई माझा धाकटा भाऊ संतोष आणि त्याची बायको मनीषा यांच्याजवळ अंजूरला राहते. दोघंही तिथल्या गोडाऊनमध्ये कामाला आहेत. मनीषाने आईच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून घेतले आणि नवी कवळी केली, हे मला फोनवर कळलं. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला छोटा स्क्रू. त्याच्या डोक्यावर कवळी टिचबटणासारखी बसते.

नाशिकला गाडी बदलली. कसारा घाट उतरल्यावर हवा एकदम जड झाली. पडघ्यानंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पत्र्यांची गोडाऊनं सुरू झाली ती संपेचनात. भिवंडीत उतरून शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावर आले. नाक्याला गर्दी इतकी की रिक्षा एकाच जागी उभी होती, आणि आतल्या गल्लीतून कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट अखंड ऐकू येत होता. तिथून दुसरी रिक्षा केली.

"अंजूरला कौनसे गोडाऊन?" रिक्षावाल्याने विचारलं.

मी म्हणाले, गोडाऊन नाही, घरी जायचंय.

"मग बरोबर सांगा की, मॅडम. घरी जाणारं गिऱ्हाईक आता कमी भेटतं."

घरी पोचले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) असा बेत होता. आईने कांद्याची फोड उचलली आणि समोरच्या दातांनी कचकन तोडली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिच्या तोंडाकडे पाहत माझ्या कवळीचा विचार करत होते. ती कवळी घालून आईला कधी कांदा खाताना मी पाहिलं होतं का, ते आठवेना.

मनीषा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "ताई, आधीची कवळी आई जेवताना काढून पदराखाली ठेवायच्या. खालची नुसती तरंगायची. तुम्हाला ठावं न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. आई भाकरीकडे बघत राहिली. मनीषाने मात्र ओळखलं होतं, आई घास न चावताच गिळते म्हणून. मग तिनेच धामणकर नाक्याजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे फेऱ्या सुरू केल्या. स्क्रू हाडात रुजेपर्यंत काही महिने आईला मऊ भातावर ठेवलं, त्यासाठी ड्युटीच्या शिफ्ट बदलून घेतल्या. हे सगळं ती सहज सांगत होती, आणि तिचं ते सहज सांगणंच मला टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दातांची सफाई पाहिली. आई खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. मनीषाने अंगठ्यांनी दोन्ही बाजूंनी कवळी उचलली, टक् आवाज झाला. कवळी मऊ ब्रशने साध्या साबणाने धुतली. टूथपेस्ट लावायची नाही, गरम पाण्यात टाकायची नाही, हे तिला पाठ होतं. मग आईने आ केला. गुलाबी हिरडीवर दोन चंदेरी टोकं चमकत होती. मनीषा त्यांच्याभोवती हळूहळू ब्रश फिरवत होती आणि आई तोंड उघडं ठेवून तिच्याशी काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती. दोघी हसत होत्या.

मी पुढे झाले तशी आईने पदर तोंडावर ओढला.

"तू भायेर बस जरा, शालू," ती पदराआडून म्हणाली.

मी बाहेर ओट्यावर बसले. चाळीस वर्षांच्या लेकीला तोंड दाखवायचं नाही आणि सुनेसमोर मात्र आ करायचा? तो सगळा दिवस मी मनीषाच्या कामात चुका शोधत होते. एकही सापडली नाही.

संध्याकाळी एकटीच खाडीच्या बाजूला फिरून आले. जिथे गोडाऊनं थांबतात तिथे अजून भाताची खाचरं आहेत, कोरडी, भेगाळलेली. बांधावर एक म्हातारा गवत कापत होता. कोणाकडे आलात, विचारलं. मी संतोषचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "हां, मनीषाची नणंद." इथेही मी मनीषाचीच कोणीतरी होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मनीषा आणि संतोष कामावर गेलेले असताना आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, कोपऱ्यावरच्या टपरीतून मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) आणशील का? मनीषा लावू देत नाही. "तिला सांगू नको."

डॉक्टरांनी तंबाखू पूर्ण बंद केली आहे, हे मनीषाने मला फोनवर सांगितलेलं होतं. ती हिरडीला आणि त्या स्क्रूंना किती वाईट, हे समजण्याइतकी मी शिकलेलीही आहे. तरीही मी चप्पल घालून निघाले, कारण आईने ते मला सांगितलं होतं, मनीषाला नाही. त्यानंतर आठवडाभर रोज दुपारी आमचं गुपित चाललं. आई भिंतीकडे तोंड करून मशेरी लावायची, मी तिच्या पाठीशी बसून दाराकडे लक्ष ठेवायचे. इतक्या वर्षांत तिच्या इतकं जवळ मी बसले नव्हते. पाठीमागे का होईना.

दातांच्या तपासणीच्या दिवशी मीही आई आणि मनीषाबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायच्या. त्यांनी कवळी काढली आणि तिच्या आतल्या, स्क्रूवर बसणाऱ्या रबराच्या कडीत टोकदार हत्यार फिरवलं. त्यावर काळी पूड आली. डाव्या स्क्रूभोवतीची हिरडी लाल होऊन सुजली होती.

"ये काला क्या है? सफाई कोण करतं?" त्यांनी मनीषाकडे पाहिलं. सूज आत हाडापर्यंत गेली तर स्क्रू सैल होईल, मग काढावा लागेल, म्हणाल्या.

मनीषाने मान खाली घातली. "मीच करते, मॅडम. माझंच कुठंतरी चुकलं असंल."

आईने पदर तोंडावर ओढला.  खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. मनीषाची चूक शेवटी सापडली होती. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं आणि मी म्हणाले, "मशेरी मी आणून दिली. रोज."

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं, चूळ भरायला औषधी पाणी दिलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. रिक्षात मनीषा मध्ये बसली होती.  समोर बघत ती म्हणाली, "तुम्ही चार दिवस येता ताई, लाड करून जाता. मला रोज 'न्हाय' म्हणावं लागतं." आईने तिचा हात हातात घेतला होता, आणि अपराधी असूनही माझं लक्ष त्या हातांवरच होतं.

निघायच्या दिवशी मी आईला विचारूनच टाकलं. मनीषासमोर तोंड उघडतेस, माझ्यासमोर का नाही?

आई म्हणाली, "ती रोजची हाय, शालू. तू येणार असलीस का मी चांगलं लुगडं काढते. तसं दात पण. तू एवढी शिकलीस, तुझ्यासमोर बोळकी कशी बसू?"

मला शिकवण्यासाठी ती उन्हापावसात राबली, आणि त्याच शिक्षणासमोर तिला नीटनेटकं बसावं लागत होतं.  मी फक्त म्हणाले, माझ्यासाठी जुनंच लुगडं नेस. ती हसली, पण दात घालूनच.

परतीच्या गाडीत घाट चढताना मी मनीषाचा हेवा सोडून द्यायचं ठरवलं. चांदवड येईपर्यंत तो पुन्हा बरोबर होता. तिच्या नशिबाचा मला हेवा वाटत होता असं मी मनाशी म्हणत आले होते, पण ते नशीब नव्हतं. ते रोज सकाळी कामाला जायच्या आधीचं अर्धा तास उभं राहणं होतं.

पंधरा दिवसांनी सकाळी फोन आला. मनीषाने सांगितलं, सूज उतरली, स्क्रू घट्ट आहे. आईला फोन देते म्हणाली. पलीकडून आवाज आला तो मला ओळखूच येईना. शब्द घसरत होते, मधून नुसती हवा येत होती.

"शालू, ब्रश चाललाय," आई म्हणाली, "बोल तू, मी ऐकते."

मी बोलत राहिले, शाळेचं, उन्हाचं, काहीबाही. मध्येच मनीषा काहीतरी पुटपुटली आणि आई खळखळून हसली. दात नसलेलं ते हसू मी पहिल्यांदाच ऐकत होते. मनीषाला ते दिसतही होतं.