आळंदचं तोंड चोरीला गेलं तेव्हा

आळंदपासून मादन हिप्परग्यापर्यंत जेवढी म्हातारी माणसं तोंड भरून हसतात, त्यांतल्या निम्म्यांचं हसू माझ्या बायकोच्या मामांनी बनवलेलं आहे. मामा दातांचे डॉक्टर, गावाचे अण्णा, आणि कवळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण! आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आत त्यांनी मला बाजूला नेऊन 'आ' करायला लावलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "दाढा झकास हायत, पोरगी द्या!" नवी कवळी बसवली की ते पेशंटच्या हातावर कडक भाकरीचा तुकडा ठेवत, तो समोर बसून चावून दाखवल्याशिवाय सुटका नाही. प्रत्येकाचा आधीचा बोळक्या आणि नंतरचा भरल्या तोंडाचा, असे दोन फोटो ते कॉम्प्युटरवर कौतुकानं जपत. मात्र कोणाचे दात देवानं दिलेले आणि कोणाचे त्यांनी, हे त्यांनी मामींनासुद्धा कधी सांगितलं नाही.

एके सकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, आख्ख्या आळंदचं तोंड चोरीला गेलंय! पळत या!"

मी उमरग्याहून मोटारसायकल हाणत पोचलो. कोणा हॅकरनं सगळी नावं नि फोटो उचलले होते. पैसे पाठवा, नाहीतर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकतो, असा निरोप पडद्यावर झळकत होता. मामांनी पोलिसांत तक्रार दिली होती आणि काही न लपवता एकेका पेशंटला स्वतः फोन केला होता. त्यामुळे दवाखान्यात ही गर्दी! सर्वांत पुढे मामांचे जिवलग मित्र, तुरीचे अडते. रोज संध्याकाळचा चहा दोघांचा एकत्र व्हायचा.

"अण्णा, देऊन टाक! आम्ही सगळे मिळून पट्टी काढतो," अडते ओरडले. "माझ्या मिशीखाली काय हाय ते बाजाराला कळलं तर सौद्याला कोण उभं करंल मला?"

"दिले म्हणून फोटो परत येतात व्हय? त्याच्याकडं ऱ्हातातच की! पुन्हा मागंल. चोराला पगार चालू करायचा का?" मामा उसळले.

मीही हळूच म्हणालो, "मामा, एकदा देऊन मोकळे व्हा." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझी अक्कलदाढ अजून आलेलीच नव्हती.

गर्दी ओसरली तरी एक तरुण शिक्षिका कोपऱ्यात उभीच होती. लग्नाआधी स्कूटरवरून पडून तिचे पुढचे दात गेले होते आणि सासरी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला पाहून मामांचा सगळा आवेश गळाला.

"पोरी, तुझ्यासाठी देतो मी. माझा हट्ट गेला खड्ड्यात."

तिचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "कामून द्यायलाव, अण्णा? त्यो पुन्हा मागंल नि मी पुन्हा भ्यायची. मीच सांगते घरी. तुम्ही फकस्त संगं चला."

आम्ही तिघं मादन हिप्परग्याला तिच्या सासरी गेलो. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. सासूबाई भडकल्याच. "दाताचं काय न्हाई गं! एका ताटात जेवायलोत आपण, आन माझ्यापासून चोरून ठिवलंस?" मामा खाली मान घालून "चूक माझी, कॉम्प्युटर माझा," एवढंच म्हणत राहिले. मग सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आता आलाव तर माझी ही दाढ बगा. लई हलायलीय." मामा खिशातून टॉर्च काढून असे धावले की सूनबाईसुद्धा रडता रडता हसली!

पैसे दिले नाहीत. फोटो ग्रुपांवर आले. गाव काही दिवस पोट धरधरून हसलं आणि मग कंटाळलं. कितीतरी पेशंट तर चौकात उभं राहून मुद्दाम दात दाखवू लागले. अडत्यांना मात्र बाजारानं फार छळलं. त्यांनी मामांकडं येणं सोडलं. मामा त्यांच्या घरी गेले, तर 'मालक घरात न्हाईत' असा निरोप आतूनच आला.

परवा संध्याकाळी मी मामांपाशी बसलो होतो. म्हणालो, "मामा, तुमचंच बरोबर होतं."

"व्हय, बरोबरच होतं," ते म्हणाले. "पर जावईबापू, माझ्या दोस्तानं माझ्याफुडं तोंड उघडलं होतं, ते इस्वासानं."

बाहेर तुरीच्या गाड्या अडतीकडं चालल्या होत्या. चहा निवत होता, आणि मामा प्रत्येक गाडीकडं मान उंच करून बघत होते.