हनीफभाईंच्या हातातले पेन

हनीफभाई गेल्याची बातमी मला सिरोंच्याच्या बसस्थानकावर मिळाली, तीही त्यांना जाऊन बारा दिवस उलटल्यावर. आमच्या चर्मकला प्रशिक्षण केंद्रातला जुना विद्यार्थी महेश आलापल्लीच्या गाडीची वाट पाहत उभा होता. मला पाहून तो पुढे आला, इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर सहज म्हणाला, "हनीफचाचा गेले ना सर. तुम्हाले मालूम नाई?" मी नाही म्हणालो, तसा तो ओशाळला. "चंद्रपूरले सगळेच आले होते. मले वाटलं, तुम्ही तं पहिले..." पुढचे त्याने गिळले. त्याला वाटले ते चूक नव्हते. हनीफभाईंच्या जनाज्याला ज्यांनी आधी उभे राहायला हवे होते, त्यांत मी होतो. पण त्यांचे माझ्याइतके वाईट दुसऱ्या कोणी केलेले नव्हते, हे महेशला ठाऊक नव्हते. ते मी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. या लेखात ते सांगायचे आहे, कारण त्याशिवाय हनीफभाईंविषयी मी जे काही लिहीन ते खोटे ठरेल.

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, एका अरुंद गल्लीत, पुढे दुकान आणि मागे घर असा त्यांचा संसार होता. शंकरपटाच्या शर्यतीत धावणाऱ्या बैलांचे घुंगुरपट्टे, वनरक्षकांचे कमरपट्टे, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम जवळ आला की वडशाच्या नाटकमंडळ्यांसाठी राजे-सरदारांचे रंगीत पट्टे आणि म्याने ते करीत. "राजाचा पट्टा चार बोटं लांबच कापतो मी, मास्तर," ते मला म्हणत, "हंगाम संपेपर्यंत राजा फुगते आणि प्रधान वाळते." मी केंद्रात प्रशिक्षक होतो, माझ्याजवळ प्रमाणपत्र होते; त्यांच्याजवळ ते नव्हते. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. तरी 'मास्तर' मीच, आणि शिकलो मात्र मी त्यांच्याकडून. चामड्यात मुरणारा रंग वेगळा आणि चामड्यावर बसणारा रंग वेगळा, हे पुस्तकात मी वाचले होते. पण मुरणाऱ्या रंगाचा एक थेंब नको तिथे पडला तर तो पुसता येत नाही, खरवडता येत नाही, तो तुकडाच वाया जातो, म्हणून रंग देताना श्वाससुद्धा मोजून घ्यायचा असतो, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी माझ्या लक्षात आले की ते किनारी रंगवण्याचे काम मी गेल्यावर करतात. मी बसलो असताना शिवण, ठोकणे, कापणे चाले. कुंचला मात्र डबीत उभा असे. एके दिवशी मी विचारलेच. त्यांनी उजवा हात माझ्यापुढे नुसता धरला. बोटे थरथरत होती, वाऱ्यातल्या पानासारखी नव्हे, तर आतून कोणी नियमाने हलवावीत तशी. "माहा हात आता आपलंच चालवून राह्यला," ते म्हणाले, आणि हसले. मला हसू आले नाही.

पुढे केंद्रातर्फे मी मद्रासला प्रशिक्षणासाठी गेलो, तेव्हा तिथे रिकामी पेने पाहिली. जाड खोळ, मागे फिरकीचे झाकण, पुढे नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे टोक. आपल्याला हवा तो रंग आत भरायचा, टोक दाबले की रंग उतरतो, संपला की पुन्हा भरायचा. मी सहा विकत आणली. हनीफभाईंनी एक हातात उलटेसुलटे करून पाहिले. "हे पोट्ट्यायचे स्केचपेन कायले आणले, मास्तर?" मी म्हणालो, एकदा चालवून तर पाहा. त्यांनी काळा रंग भरला, बैलाच्या पट्ट्याचा तुकडा घेतला, तळहात चामड्यावर टेकवला आणि टोक ठेवले. कुंचला हवेत तोलावा लागतो, हाताची प्रत्येक थरथर त्याच्या केसांपर्यंत पोहोचते. हे टोक मात्र चामड्यावर टेकून चालत होते आणि हाताचे सगळे वजन त्याच्या पाठीशी होते. रेघ वाकली नाही. पट्टा फिरवत फिरवत ते चारही बाजूंनी आले, आणि जिथून सुरुवात केली तिथे रेघ मिळाली. "टेकला तं कापत नाई," ते म्हणाले. आणि लगेच, दाराकडे पाहून, "हे कोणाले सांगू नका. मंडळीवाल्यायले समजलं का हात गेला, तं उद्यापासून पट्टे दुसऱ्याकडे." मी शब्द दिला.

त्यानंतरची तीनचार वर्षे चांगली गेली. ती पेने माझ्या हाती चारचौघांसारखी चालत, त्यांच्या हाती ती वेगळीच झाली. टोके झिजली तेव्हा त्यांनी हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडून नमद्याची कातरणे आणली आणि स्वतः नवी टोके कापली. तिरकी, गोल, सुईसारखी. वर बसणारा रंग आत गोठतो म्हणून त्या पेनांत त्यांनी सायकलचा एकेक छर्रा टाकला. वापरण्याआधी ते पेन कानाशी हलवत आणि छर्रा मोकळा वाजला की समाधानाने मान डोलवत. मी टोकाकडे पाही, ते कानाने काम करीत.

मग गडचिरोलीला केंद्राची नवी शाखा निघायची ठरली. मुलींच्या पहिल्या तुकडीला शिकवण्यासाठी एक कुशल कारागीर नेमायचा होता, आणि निवड प्रात्यक्षिकावर होणार होती. हनीफभाईंना ही जागा किती हवी होती हे मला माहीत होते. त्यांची मुलगी शबाना तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. दुकानात बसून तिने काम केलेले त्यांच्या बिरादरीत खपले नसते, पण सरकारी तुकडीत, बाप शिकवतो आहे आणि मुलगी शिकते आहे, याला कोणी नाव ठेवले नसते. "एकदा तिच्या हातात गेलं ना मास्तर, मंग माह्या हातानं काय करायचं ते करू दे," ते म्हणाले होते. अर्ज मीच भरून दिला.

प्रात्यक्षिक गडचिरोलीच्या सभागृहात होते. पन्नासेक माणसे असतील. नागपूरहून परीक्षक आले होते, पोशाखाने आणि बोलण्याने टापटीप. हनीफभाईंनी पट्टा कापला, नक्षी ठोकली, सगळे पाहत राहिले. मग त्यांनी पेन काढले, कानाशी हलवले. परीक्षक थांबले. "हे काय? स्केचपेन? आपण पारंपरिक हस्तकला पाहतो आहोत ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण आयोजक मी होतो. ती पेने मी आणली होती. ती का आणली हेही मला माहीत होते. त्या वर्षी माझ्या बढतीचा प्रस्ताव याच गृहस्थांच्या टेबलावर होता, हेही मला माहीत होते... मी पुढे झालो, हनीफभाईंच्या हातातून पेन काढून घेतले आणि टेबलावरचा कुंचला त्यांच्यापुढे धरला. "हनीफभाई, ब्रश घ्या."

"ब्रश, मास्तर?"

"हो. ब्रश."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, ते पडताळून पाहत होते. मी चुकून बोललो का, हे. मग त्यांनी कुंचला घेतला, टेबलावरच्या मुरणाऱ्या काळ्या रंगात बुडवला. पहिला थेंब नक्षीच्या मधोमध पडला, दुसरा त्याच्या शेजारी, आणि तो सावरायला गेले तर कुंचलाच आडवा फिरला. काळा रंग चामड्यात पसरत गेला. मागच्या रांगेत कोणीतरी हसले. परीक्षक वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "पिऊन आलेत का हे?"

पाच वेळा नमाज पढणारा, आयुष्यात दारूला न शिवलेला तो माणूस माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता. मी काही बोललो नाही.

पुढे कित्येक वर्षे मी स्वतःला समजावत आलो की मी शब्द पाळला. हात गेल्याचे कोणाला सांगू नका, असे त्यांनीच म्हटले होते. हे खरे नाही. आजारी आहेत, एवढे दोन शब्द पुरले असते. पेने मी आणली, हे तीन शब्द त्याहून बरे झाले असते. शब्द पाळायचा असता तर कुंचला त्यांच्या हाती दिलाच नसता. मी फक्त माझी खुर्ची पाहिली, आणि त्यांनी घातलेल्या शपथेआड उभा राहिलो.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. वाटेतले मूल गाव ओलांडेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "घरी काही बोलू नका. जागा दुसऱ्याले गेली, एवढंच सांगा." त्यानंतर त्यांनी त्या दिवसाचा विषय माझ्याजवळ कधीही काढला नाही.

बातमी मात्र त्यांच्या आधी चंद्रपुरात पोहोचली होती. हनीफ पिऊन होता. मंडळीवाल्यांनी थट्टा केली, मग काम दुसरीकडे दिले. मशिदीत जुने स्नेही जरा सरकून बसू लागले. दोनतीन वर्षांनी नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले, तेव्हा लोकांना कळले आणि जीभ चावली गेली; काहीजण घरी येऊन माफी मागून गेले. मी गेलो ते नेहमीसारखा, फळे घेऊन. बढती मला मिळाली होती. वर्षातून तीनचारदा जायचो, चहा घ्यायचो, पाऊस आणि बदल्यांवर बोलायचो आणि उठायचो. बोलायचे ते दरवेळी गल्लीच्या तोंडापर्यंत माझ्याबरोबर परत येई.

हनीफभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यानंतर एका दुपारी मी गेलो. शबाना आता तिशीच्या उंबरठ्यावर आहे, दोन मुलांची आई. बापाकडून घरातच शिकली, आता दुकान तीच चालवते आणि बिरादरीतही कोणी नाव ठेवत नाही. ती नवी टोके कापत बसली होती. मी स्टुलावर बसलो आणि तिला सगळे सांगितले, वरच्यापेक्षा वाईट शब्दांत, अडखळत. तिने हातातली कातरी खाली ठेवली. "आम्हाले तं हेच मालूम की जागा दुसऱ्याले गेली," ती म्हणाली. मी शिव्यांची वाट पाहत होतो, किंवा रडण्याची. पण ती काहीतरी जुळवत होती.

"मंग म्हणून चादर," ती म्हणाली.

"कोणती चादर?"

तिने खाटेकडे मान केली. पायथ्याशी एक जुनी निळी चादर घडी घालून ठेवलेली होती. "तुम्ही गल्लीत दिसले का अब्बा म्हणत, चादर दे. मांडीवर घेत, हात आत घालत. अम्मीले वाटे, साहेब येऊन राह्यले म्हणून अदब असंल. पण चाचा, डॉक्टर आले, मौलाना आले, दूधवाला आला, कोणापुढं नाई घेतली कधी. हात उघडा, कापून राह्यला तं कापून राह्यला. चहा सांडला तं स्वतःच हसत. फक्त तुम्ही आले का..."

मला आठवले. प्रत्येक भेटीत ती चादर त्यांच्या गुडघ्यांवर होती. चहा ते मी गेल्यावर पीत. दहा वर्षांत त्यांचा हात मी पाहिला नव्हता, आणि पाहिला नाही हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

"मला वाटायचे, त्यांना थंडी वाजते," मी म्हणालो.

शबानाने माझ्याकडे पाहिले. अगदी बापासारखे, पडताळून.

"चंद्रपुरात, चाचा? मे मयन्यात?"

मग तिने कातरी उचलली आणि नमदा कापायला घेतला. खाट माझ्या स्टुलाला लागूनच होती, चादर हाताच्या अंतरावर. मी चादरीला हात लावला नाही.