किनवटपाशी सुटणारा दोरा

निर्मल गावातल्या आमच्या घरी नात सोशलच्या वहीत आमचा जुना जिल्हा तोडून केलेल्या नव्या जिल्ह्यांचा नकाशा चिकटवत होती. मैद्याच्या खळीचा वास आला आणि मला बसवेना.

छप्पन्न साली भाषेवरून राज्यांची वाटणी झाली, तेव्हा बोथच्या आमच्या शाळेत नवा नकाशा आलाच नव्हता. गुरुजी जुन्यावरच खळीनं लाल दोरा चिकटवून सीमा करत होते. किनवटपाशी त्यांचा हात थांबला.

"माहं गाव आता कुठं राह्यलं, सांगा बरं?"

"दुसऱ्या राज्यात, गुरुजी! तुमी आता परके!" मी सगळ्यांच्या आधी ओरडले. वर्ग हसला.

"बरोबर," एवढंच ते म्हणाले. दोरा तिथंच सुटत होता. घंटा झाली तरी ते तो अंगठ्यानं दाबून उभे होते.

"आजी, तुझं माहेर कोणत्या जिल्ह्यात?" नातीनं विचारलं.

आमच्या निर्मलपासून तोडणाऱ्या नव्या रेघेपलीकडच्या बोथवर मी बोट ठेवलं. ते उचलवेना.