मामांची अवकाशातली गाडी

माउस हातात घेतला की मामा आधी तो कपाळाला लावायचे आणि मग माइकमध्ये विचारायचे, “सगळी बसली का?” आम्ही पाचही जण आपापल्या यानात बसलेलोच असायचो, पण प्रत्येकाच्या तोंडून “बसलो” ऐकल्याशिवाय मामांचं यान हलायचं नाही. कुणी पाणी प्यायला उठलं असेल, तर सगळा ताफा त्याच्यासाठी थांबायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. निवृत्त होतात, पण ड्युटी अंगातून उतरत नाही. मामांनी उभा जन्म गगनबावड्याच्या घाटात एसटीची लाल गाडी चालवली. मंगळवार पेठेत माझा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे ते हयातीचा दाखला काढायला आले होते. शेजारच्या मशिनवर माझा रविवारचा खेळ उघडा होता. जगभरातली माणसं आपापली यानं घेऊन अवकाशात लढतात, आणि एकदा फुटलं की ते यान कायमचं जातं, पुन्हा पहिल्यापासून नवं जमवायचं. मामा दहा मिनिटं माझ्या पाठीशी उभे राहून बघत होते.

“बाई,” शेवटी म्हणाले, “ह्या गाडीला रिव्हर्स हाय का?”

पुढच्या रविवारपासून दुपारी तीनला मामा खुर्चीत हजर. बाकीचे चौघे माझे जुने विद्यार्थी, घरून हेडफोन लावून खेळणारे: दोघं आजऱ्यात काजूच्या धंद्यात, एक जयसिंगपूरला कापडाच्या दुकानात आणि एक इथेच दवाखान्यात नर्स. महिन्याभरात मामा आमचे म्होरके कसे झाले ते कुणालाच कळलं नाही. मतदान वगैरे काही झालं नव्हतं.

समोर एकटंच यान दिसलं की आमचे हात शिवशिवायचे. मामा अडवायचे. “एकावर सहा? जरा लाज वाटू दे की. जोड लावा.” मग ते त्या यानाचं वजन विचारणार, आमच्यातलं बरोबरीचं यान निवडणार आणि तेवढंच पुढे सोडणार. उरलेल्या पाचांनी कुस्तीच्या मैदानाच्या कडेला बसल्यासारखं गप बघायचं. अशा जोडीत आम्ही बऱ्याचदा हरायचो. एकदा नर्सबाईचं यान फुटलं तेव्हा ती कुरकुरली, “मामा, तो हसत असेल आपल्याला.”

“हसू दे. पडलीस, पर बरोबरीत पडलीस की.”

मला भयंकर राग यायचा. हा खेळ आहे, धर्मयुद्ध नाही, असं मी तोंडावर सुनावलं होतं. मामांनी टोपी सारखी केली आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

मग एका चाळीस जणांच्या टोळीचं बोलावणं आलं. आमच्यात या, तुम्हाला कुणी हात लावणार नाही. आम्ही पाचही जण एका पायावर तयार होतो. मामा नाही म्हणाले.

“चाळीस माणसं गाडीत बसली की कुणालाच भ्या वाटत न्हाई. कोण पेंगतंय, कोण शेंगा खातंय. भ्या एकट्या डायव्हरला. आन् मागनं सगळी वरडत्यात, हाणा म्हणून. सहा जणांत कसं, परत्येकाला थोडं थोडं भ्या असतंय. तेवढं पायजे.”

त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच टोळीने आम्हाला गाठलं. ती चाळीस, आम्ही सहा, जोड लावायची सोयच नव्हती. सुटायचं तर एकच दार होतं. त्या दारातून गेलं की दुसऱ्या सूर्यमालेत, सुखरूप. पाच यानं दारापाशी पोचली. मी मागे राहिले, कारण एका फुटलेल्या यानातला माल गोळा करायचा मोह मला आवरला नव्हता. चूक माझी होती, म्हणून मीच म्हणाले, “मामा, जावा तुम्ही. माझं गेलं.” माइकवर बाकीचेही “चला मामा, चला” करत होते.

मामा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. दीड वर्षाचे रविवार घालून त्यांनी ते यान उभं केलं होतं. “किती आली दाराशी?” त्यांनी विचारलं.

“पाच.”

“मग चला काय चला?” असं म्हणून त्यांनी यान वळवलं.

ते सरळ टोळीच्या मध्यात शिरले. सगळ्यांच्या तोफा त्यांच्याकडे फिरल्या, आणि तेवढ्यात मी कडेने निसटले. दारातून बाहेर पडून शेजारी पाहिलं, तर मामांचा स्क्रीन काळा झाला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. कशाला वळलात, एवढंच कसंबसं विचारलं.

मामांनी माउस बाजूला ठेवला. मग म्हणाले, “घाटमाथ्यावर एकदा गाडी उभी केलती. धुक्यात म्होरचं दिसंना. माणसं उतरली, चढली, आन् वरडाय लागली, चला, उशीर झाला. म्या न मोजता गाडी काढली. एक म्हातारी मागं ऱ्हायली. तीन तास पावसात हुती. काय झालं न्हाई तिला. पर दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीत बसली, आन् म्हणाली, मला वाटलं तू वळशील.”

माझ्यासाठी असं कुणी वळलेलं मला आठवत नाही. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

मामांनी पुन्हा सगळ्यात लहान यानापासून सुरुवात केली. त्या यानाला दोनच रविवार मिळाले. मामा झोपेतच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मामी क्लासमध्ये आल्या. “ह्ये हितं येऊन काय करायचे, ते बघायचं हुतं,” म्हणाल्या. मी त्यांना मामांच्या खुर्चीत बसवलं आणि मामांचं खातं उघडलं. काळ्या पडद्यावर ते लहानसं यान उभं होतं. मामींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“एकटंच हाय व्हय?”

मी बाहेर जाऊन चौघांना फोन केले. कामाचा दिवस होता, तरी पंधरा-वीस मिनिटांत एकेक यान येत गेलं आणि मामांच्या यानाशेजारी थांबलं. मीही माझं नेऊन उभं केलं. कुठलं यान कुणाचं, ते मामींना बोट लावून दाखवलं: ही दोघं आजऱ्याची, हा जयसिंगपूरचा, ही दवाखान्यातली. मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि घरी माणसं भेटायला आल्यावर बसतात तशा सावरून बसल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या,

“बाई, लांबनं आल्यात सगळी. च्या सांगा की.”