समाचाराला आलेले प्रेक्षक

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी सांगितलंत की तो बसचा सिनेमा तुम्ही घरी टीव्हीवर पाहिलात आणि शेवटी रडलात. मग धाकटीने विचारलं, "आजी, त्या ड्रायव्हरला पोचवायला खरंच इतकी माणसं आली होती का?" मी नुसतं "नाही" म्हटलं, तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली. ते उत्तर अपुरं होतं. त्या ड्रायव्हरची बायको आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. सिनेमा तुमच्या डोळ्यांसमोर ताजा आहे तोवर बाकीचं लिहून ठेवते. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून झालं, पण हे मला मराठीतच नीट सांगता येईल. अडलं तर आईला विचारा.

तो सायखेड्याचा. गावातल्याच एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन निघाला होता. घोटीच्या पुढे घाटात उतारावर ब्रेक गेले, तेव्हा त्याने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, आपल्या बाजूने डोंगरावर घातली. तो गेला, आणि वऱ्हाडातले दोघे गेले. बाकीचे वाचले. इथवर सिनेमात बरोबर आहे. पुढचं नाही. गावात बोललं गेलं की तो प्यायलेला होता. ज्या गावाने दोन माणसं गमावली, तिथे त्याच्या घरच्यांना तोंड वर करता येईना. नाशिकच्या अमरधाममध्ये त्याला पोचवायला बायको, तिचा भाऊ आणि नवऱ्याबरोबर गाड्या चालवणारे चारदोन जण होते, बस. ब्रेकचा दोष होता हे चौकशीत पुढे निघालं, पण तोपर्यंत दहावा, तेरावा सगळं उरकलं होतं.

आम्ही या इमारतीत त्यानंतर राहायला आलो. ती पाळणाघर चालवते. मला काकू म्हणते. नवऱ्याबद्दल फारसं बोलत नसे. एकदाच, मुलांचे लंगोट वाळत घालताना म्हणाली, "लोकांचं मला काही नाही काकू. थोरले दीर एकदा उंबऱ्यात आले असते तरी पुरे होतं. यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं." तिचे सासू-सासरे आधीच गेलेले. सायखेड्याचं घर म्हणजे तेच दीर, आणि ते घर तिला बंद झालं होतं.

सिनेमा लागला तेव्हा मी तिच्याबरोबर दुपारच्या खेळाला गेले. एकटीने जायची तिची छाती नव्हती. आमच्या मागच्या रांगेत एक कुटुंब होतं. बस घसरायला लागली तशी त्यांच्यातली बाई नाक ओढू लागली. नवरा म्हणाला, "अगं, सिनेमा आहे." ती म्हणाली, "खरं घडलंय ते. तुम्ही पॉपकॉर्न खा." थोड्या वेळाने त्याचाही चष्मा पुसणं चालू झालं. माझ्या शेजारी कॉलेजातल्या मुली होत्या, त्यांचा एकच रुमाल हातोहात फिरत होता.

मग ती अंत्ययात्रा आली. रस्ताभर माणसं, गच्चीवरून फुलं, आणि पुढे थोरला भाऊ, खांदा देऊन हमसून हमसून रडणारा. थिएटरात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझेही डोळे भरले, मला सगळं ठाऊक असून. ती माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "काकू, ही माणसं कुठून आणली असतील?"

"सिनेमावाल्यांनी आणली," मी म्हटलं.

"भाऊजी बरे दाखवलेत," ती म्हणाली, आणि शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिली. रडली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात माणसं यायला लागली. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते: कुणाच्या घरी मृत्यू झाला की आपल्याकडे समाचाराला जातात. फारसं बोलायचं नाही, जाऊन बसायचं. ते असतं पहिल्या काही दिवसांत. इथे वर्षं उलटली होती, पण सिनेमा पाहिलेल्यांना ते कालच घडल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी पत्ता शोधून काढला आणि एकाने दुसऱ्याला सांगितला. नाशिक रोडचं म्हातारं जोडपं आलं. सिडकोतल्या बायका रिक्षा करून आल्या, फिक्या साड्या नेसून. चहा विचारला तर हात जोडत, सुतकाच्या घरात घेत नाहीत म्हणून.

आणि वेळ दुपारची, म्हणजे पाळणाघरातली मुलं सतरंजीवर झोपलेली. त्यामुळे समाचाराला आलेली मंडळी भिंतीला टेकून, पाय आखडून बसत, खेळण्यांच्या मधे. एका बाईंनी कुजबुजत सांगितलं, "सिनेमात तुम्हाला फार गोरं दाखवलंय हो."

"मेकअप असतो ना," ही म्हणाली.

एका तरुणाने विचारलं, "ताई, एक फोटो काढू का तुमच्यासोबत?"

"मूल उठवलंस तर तुलाच झोपवावं लागेल," ती म्हणाली. त्याने फोन खिशात ठेवला आणि तो बराच वेळ नुसता बसून राहिला.

मला आधी ते खटकलं होतं. तिकीट काढून रडलेल्या लोकांनी घरापर्यंत कशाला यावं, असं मी तुमच्या आजोबांना म्हटलंही. पण ती कुणालाच परत पाठवत नव्हती. "त्या वेळी कुणी बसलं नव्हतं काकू. बसू दे," म्हणाली. वऱ्हाडातली एक बाई सायखेड्याहून आली तेव्हा मात्र तिचा चेहरा उजळला. ती बाई हिचा हात धरून रडली आणि निघून गेली. दिरांचा निरोप काही नव्हता. त्यानंतर प्रत्येक घंटीला ती ओढणी नीट करून दार उघडू लागली. दारात दुसरंच कुणी असे.

शेवटी दीर आले तेव्हा मी तिथेच होते, एका रडक्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरवत. पांढरी टोपी, हातात काही नाही. ते खुर्चीवर बसले नाहीत. जमिनीवर बसले. हिने डोक्यावर ओढणी घेतली आणि पाणी ठेवलं. मी आत जायला वळले तर ते म्हणाले, "बसा बाई. तुमीबी ऐका."

मग हिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरांनी पिच्चर दाखवला. त्यात म्या खांदा दिलाय."

"पाहिलं मी, भाऊजी."

"म्या दिला नाय."

"मला माहीत आहे. मी होते तिथं."

"आता गावात लोकं माझे पाय धरत्यात. दादा, भावासाठी लय रडलास म्हणत्यात. पारावर बसायची सोय नाय राहिली. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारावरून रोज जायचं होतं, म्हणून नाय आलो तवा. येकदा येष्टीत बसून नाशकापर्यंत आलोबी व्हतो. परत गेलो."

तिने विचारलं, "कधी?"

"तेराव्याला."

तेव्हा ती रडली. सिनेमात रडली नव्हती, इतक्या लोकांसमोर रडली नव्हती, ती आत्ता रडली. तेही रडले, टोपी तोंडावर धरून. माझ्या खांद्यावरचं मूल मात्र गप्प होऊन दोघांकडे बघत राहिलं.

समाचाराला आलेला माणूस निघताना "येतो" म्हणत नाही आणि घरचे त्याला "या" म्हणत नाहीत, तशी वेळ पुन्हा न यावी म्हणून. इतके दिवस आलेले सगळे असेच न बोलता उठून गेले होते. तेही तसेच उठले, चप्पल घालू लागले. ती दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "चहा टाकलाय, भाऊजी. घेऊन जा. आणि दिवाळीला या."

ते चप्पल काढून परत आत आले.

तेव्हा धाकटे, तुझ्या प्रश्नाचं पुरं उत्तर असं आहे की त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, माणसं नंतर आली. सिनेमावाल्यांनी खोटं दाखवलं म्हणून त्यांना नावं ठेवावीत, की त्याच खोट्यामुळे ते दीर घरातून निघाले म्हणून आभार मानावेत, हे माझं अजून ठरलेलं नाही. तुम्ही मोठे झालात की तुमचं तुम्ही ठरवा.

सिनेमा थिएटरातून केव्हाच गेला. अनोळखी माणसं यायची थांबली. पाळणाघर चालू आहे. सायखेड्याच्या घरी आता पितृपक्षात त्याच्या नावाचं पान वाढतात, आणि ते वाढायला ती जाते.