बिनविरोध गाणं

लोकशाहीचा इतका प्रेमळ शत्रू अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे मामेसासरे. नातं सांगताना धाप लागते म्हणून सगळा उमरगा तालुका त्यांना नुसतं मामा म्हणायचा, आणि मीही म्हणायचो. मामा सोसायटीचे चेअरमन, खरेदी-विक्री संघाचे चेअरमन, शाळा समितीचे, यात्रा कमिटीचे, आणि दुष्काळात विहिरीवरची भांडणं वाढली तेव्हा घागरींच्या रांगेचेसुद्धा चेअरमन. यातली एकही जागा त्यांनी निवडणूक लढवून घेतली नव्हती. हात वर करायला लावून माणसं मोजणं त्यांना पंगतीत बसलेल्याच्या भाकरी मोजण्यासारखं वाटायचं. ‘बिनविरोध’ हा शब्द ते इतक्या मायेनं उच्चारत की परक्या माणसाला वाटावं, ह्यांच्या धाकट्या लेकीचं नाव असेल.

एकमतासाठी मामा कुठल्याही थराला जात. संघाच्या गोदामाचं उद्घाटन कुणाच्या हातून करायचं यावर पाच पुढाऱ्यांत जुंपली, तर मामांनी मुरुमच्या बाजारातून पाच कात्र्या आणवल्या. फितीचे इतके तुकडे झाले की उद्घाटनापेक्षा मलमपट्टीच वाटावी. कुस्त्यांच्या फडात ते पंच म्हणून बसले की एकही कुस्ती निकाली होत नसे. पैलवान समोरच्याच्या छातीवर बसलेला असायचा आणि मामा ‘बरोबरीत सोडा’ म्हणून ओरडत असायचे. नातवाच्या बारशाला दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांनी वेगवेगळी नावं काढली. मामांनी सगळी ठेवली. त्या पोराची शाळेत हजेरी घेताना मास्तर मध्ये पाणी पितात, असं म्हणतात.

घरातही कारभार तोच. कोणतीही गोष्ट ठरावाशिवाय व्हायची नाही. दुपारी ओसरीवर बसून मामा मोठ्यानं म्हणायचे, “चहा व्हावा. सूचक म्या.” मग अनुमोदकाची वाट बघत आतल्या दाराकडं कान द्यायचे. आतून मामींचा आवाज यायचा, “चूल हितं हाय, लाकडं परसात हायती.” उभ्या संसारात मामींनी त्यांच्या एकाही ठरावाला अनुमोदन दिलं नव्हतं. विरोधही केला नव्हता, एवढ्यावर मामा खूश असायचे आणि उठून चूल पेटवायचे.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. बिनविरोध म्हणजे ज्यांना विरोध करायची सोय नाही त्यांना न विचारता केलेला कारभार. मी हे असंच्या असं पत्रकात छापलं होतं. ‘बिनविरोध म्हणजे बिनबोभाट!’ असा मथळा होता आणि खाली मामांच्या संघावर तोफ होती. आठवडी बाजारात वाटायला गठ्ठा घेऊन उभा राहिलो तर मामाच आले. एक पत्रक पुरतं वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या आणि म्हणाले, “चांगलं लिवलंय पाव्हणं. आन इकडं निम्मा गठ्ठा, त्या अंगाला म्या वाटतो.” वाटलाही. प्रत्येकाला हातात देऊन वर सांगत होते, वाचा, माझ्याच इरोधात हाय. अशा माणसाशी लढायचं तरी कसं? मी घरी जाऊन ज्वारीची भाकरी रागानं खाल्ली.

आणि अशा माणसाच्या हातात देशाचं गाणं निवडायचं काम आलं.

झालं असं, की परदेशात कुठं तरी सहकारी चळवळीचा मोठा मेळा भरायचा होता आणि त्यात देशोदेशीच्या गाण्यांची स्पर्धा होती. एका देशाचं गाणं एकच. ते निवडायची रीत वरून ठरून आली होती: तालुक्यानं एक गाणं जिल्ह्याला द्यायचं, जिल्ह्यानं मुंबईला, मुंबईनं दिल्लीला, आणि दिल्लीनं सगळ्या राज्यांतून एक उचलून विमानात बसवायचं. दुष्काळाचा वणवा पेटलेला, माणसं सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, आणि जिथं तालुक्याहून निघालेला टँकर गावात पोचत नव्हता तिथून गाणं निघून परदेशात पोचणार होतं. मी यावरही पत्रक काढलं. आणि मग आमच्या युवक मंडळाचं गाणंही बसवलं, कारण परदेशातल्या लोकांना इथली परिस्थिती कळायलाच पाहिजे होती. तालुक्याच्या निवड समितीचे अध्यक्ष मामा. कसे, ते सांगायला नको. मामांना मात्र मुळात ती रीतच पटली नव्हती. देशाचं गाणं एकच आणि बाकीच्यांनी काय तोंड बांधून बसायचं, असं ते सगळ्यांना विचारत फिरत होते.

मुरुमच्या अडत बाजाराच्या पटांगणात लिंबाखाली स्पर्धा झाली. तालुक्याला पाच गाणी आली. पहिलं भजनी मंडळाचं. दुसरं हद्दीलगतच्या गावातलं कानडी, लग्नातलं. तिसरी कव्वाली, मुरुमच्याच हौशी मंडळींची. चौथं आमचं, त्यात सात कडवी आणि सात मागण्या होत्या. ते संपल्यावर मामा म्हणाले, “गाणं चांगलं हाय. फकस्त खाली सही-अंगठ्याला जागा सोडा.” लोक पोट धरून हसले. मी अजून हसलेलो नाही.

पाचवं गाणं खडीवरच्या बायकांचं. बौद्ध वस्तीतली कलावती म्हणून एक बाई होती, सडकेच्या कामावर हातोडा चालवायची. तिनं आणि तिच्या सोबतिणींनी ते काम करता करताच जोडलं होतं. पेटी नाही, तबला नाही. दोन दगड एकमेकांवर वाजवायच्या आणि म्हणायच्या:

सडक आमी केली बाई, सडक कुठं जाती?
म्होरं बसली मोटारवाली, मागं आमची माती.

पुढं ती सडक भूमला जाती, तुळजापूरला जाती, मुंबईला जाती, आणि खडी फोडणारणीच्या दारापर्यंत तेवढी जात नाही, असं एकेक थट्टेचं कडवं. दुसऱ्या कडव्याला हमालांचे पाय हलायला लागले. तिसऱ्याला कव्वालीवाल्यांनी आपणहून टाळी धरली. मध्ये चहाची सुट्टी झाली तर पलीकडं वांगी विकणारी म्हातारी गिऱ्हाइकाशी भाव करता करता ‘सडक कुठं जाती’ गुणगुणत होती. निकाल लागलेला होता. फक्त जाहीर करायचा राहिला होता.

पण मामांना निकाल नको होता, एकमत पाहिजे होतं. पुढच्या रांगेत बागायतदार मंडळी बसली होती आणि वस्तीचं गाणं तालुक्याच्या नावानं गेलं तर त्यांचे चेहरे कसे होतील, हे मामांना न सांगता कळत होतं. सुट्टीनंतर त्यांनी तोडगा जाहीर केला. पाचही गाण्यांची एकेक ओळ घ्यायची आणि एकच गाणं करायचं. लगेच तालीमही झाली. भजनातला देव जागा होतोय तोवर कानडी नवरी सासरी निघायची, तिला वाटेत गाठून कव्वालीवाले टाळ्या पिटायचे, आणि त्या गोंधळात आम्ही मोठ्यानं टँकर मागायचो. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर एकमत त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

शेवटच्या ओळीला मात्र दगड वाजले नाहीत. कलावती पदर खोचून उभी होती. “मामा, गाणं म्हंजे काय वाटणीचं रान हाय व्हय, एकेकाला वीत वीत द्यायला? घ्यायचं तर अख्खं घ्या. न्हायतर आमी खडीवर म्हणतोच की.”

“आगं, पण तुझी वळ शेवटाला ठिवली की. मानाची.”

“शेवटाला बसायची सवय आमाला हाय, मामा. गाण्याला न्हाय.”

आणि ही संधी साधून एका बागायतदारानं शेजारी बसलेल्या विस्तार अधिकाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. अधिकारी नवीन बदलून आलेले, पुण्याकडचे. त्यांनी गाण्याचा कागद मागवला, चष्मा लावला, उभे राहिले आणि म्हणाले की या गाण्यात जातीवाचक शब्द आहे, तोही धृपदात. सबब हे गाणं आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पाठवता येणार नाही. कुठला शब्द, म्हणून मामांनी विचारलं. साहेबांनी कागदावर बोट ठेवून वाचलं, “सडक कुठं... जाती.”

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

“सायेब, तुमच्याकडं सडक काय करती?”

“काय करते म्हणजे? जाते.”

“आमच्याकडं जातं दळायला असतंय,” मामा म्हणाले. “सडक जाती. म्हस पाण्याला जाती, यष्टी लातूरला जाती. सगळं जाती हो आमच्याकडं, फकस्त जात तेवढी जात न्हाय.”

हशा झाला. साहेबही हसले. मामाही स्वतःच्या कोटीवर हसत होते, आणि हसता हसता त्यांची नजर कलावतीकडं गेली. ती तेवढी हसत नव्हती. मामांचं हसू तोंडातच राहिलं. आपण काय बोललो ते त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असावं.

मग मामा खुर्चीवरून उठले. टोपी नीट केली, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली लोकांत येऊन उभे राहिले. ज्या खुर्चीवरून त्यांना कुणी कधी उठवलं नव्हतं ती वर रिकामी दिसायला लागली. “अध्यक्षाला ठराव मांडता येत न्हाय, म्हणून खाली आलो,” ते म्हणाले. “कलावतीचं गाणं अख्खंच्या अख्खं तालुक्याच्या नावानं पाठवावं. सूचक म्या. अनुमोदक कोण?”

पुढची रांग खाली बघत होती, मागची पुढच्या रांगेकडं. मी, एवढा पत्रकं काढणारा, उठायला गेलो तर धोतर-पटक्यांच्या पलीकडून, बायकांच्या घोळक्यातून ओळखीचा आवाज आला.

“माझं आनमोदन हाय. घ्या लिवून.”

मामी होत्या. मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की लग्नात अंतरपाट खाली झाल्यावर सुद्धा बघितलं नसेल.

मग त्या तालुक्यात मामांच्या समोर पहिल्यांदा हात मोजले गेले. आमच्या मंडळानं आपल्या सात मागण्या खिशात घातल्या आणि गाण्याच्या बाजूनं हात वर केले. कव्वालीवाल्यांनी केले, हमालांनी केले, कानडी वऱ्हाडानं तर दोन्ही हात केले, ते एकेक खाली घ्यायला लावावे लागले. विरोधातलेही हात बरेच निघाले. गाणं थोडक्यात पास झालं. मामा विरोधातल्या हातांकडं कितीतरी वेळ बघत राहिले. “एवढी माणसं मनातनं न्हाय म्हणत हुती व्हय,” ते माझ्या कानाशी म्हणाले, “आन म्या आपला बिनविरोध, बिनविरोध करत बसलो.” माझ्या सगळ्या पत्रकांना मिळून जे साधलं नव्हतं ते दोन दगडांनी साधलं होतं. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

गाणं जिल्ह्याला गेलं. जिल्ह्यानं मुंबईला पाठवल्याचं कळलं. त्यानंतर काही कळलं नाही. देशाच्या नावानं कुठलं गाणं विमानात बसलं, की बसलंच नाही, हे आमच्यापर्यंत कुणी पोचवलं नाही. संघाच्या पुढच्याच निवडणुकीत मामांच्या विरोधात अख्खं पॅनल उभं राहिलं आणि मामा पडले. मी सांत्वनाला गेलो तर ओसरीवर हसत बसले होते. “पडलो पाव्हणं. पण मोजणी काय झकास झाली.” त्यांना दुःख झालं नसेल असं नाही. पण रोज संध्याकाळी ते रेडिओ लावून, कुठलं तरी खरखरणारं परदेशी स्टेशन धरून बसायचे. स्पर्धा कधीच होऊन गेली असेल, असं मी एकदा म्हणालो. मामा म्हणाले, “नामंजूर झाल्याचं कुठं आलंय? वर गेलंय. वरच्या कमिटीला वेळ लागतो.” कमिटी म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

मामा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भूमच्या बाजारात पत्रकं वाटून मी परतीची गाडी धरली. मधल्या फाट्यावर मातीकामावरून सुटलेल्या बायका चढल्या. गाडी हलली तशी एकीनं टोपल्यावर टिचकी मारली आणि सुरू केलं, सडक आमी केली बाई, सडक कुठं जाती. मी उडालोच. विचारलं, हे कुठलं गाणं? तर ती म्हणाली, कुठलं म्हंजे? आमच्याच गावचं. आणि मी कधी न ऐकलेलं एक कडवं तिनं वर म्हणून दाखवलं.

तसाच मामांकडं गेलो. ते अंथरुणावर होते, उशाशी रेडिओ खरखरत होता. मी सगळं सांगितलं. मामा डोळे मिटून ऐकत होते.

“तितं कुणी सुचवलं?”

“कुणीच नाही, मामा.”

“आन अनुमोदन?”

“सगळ्याच म्हणत होत्या.”

“कुणी न्हाय म्हणालं?”

“कंडक्टर म्हणाला, जरा हळू. मग तोही म्हणायला लागला.”

मामांनी डोळे उघडले. मग लेकीला हाक मारावी तसे हळूच म्हणाले, “म्हंजे बिनविरोध.”

मामींनी उठून रेडिओ बंद केला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी कुणी सुचवलं नव्हतं.