बिगुल नसलेला बिल्ला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर झोपाळ्यावर बसलो की मन जाऊन थांबतं ते एका पितळी बिल्ल्यापाशी. रुपयापेक्षा थोडा मोठा असेल. त्याने मला जेवढं गोंधळात टाकलं तेवढं एकाही सराईत चोराने टाकलं नाही.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक फौजी गाव होतं. घरटी एक माणूस लष्करात आणि बाकीचे भरतीच्या तयारीत. तिथले एक निवृत्त सुभेदार एका सकाळी तक्रारी अर्ज घेऊन ठाण्यात आले. पंचाहत्तरीचं वय, पण पाठ ताठ आणि बुटात तोंड दिसेल अशी चकाकी. त्यांनी रुमालाची घडी उलगडून बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला.

"सायेब, ह्यो आमचा बिल्ला न्हाई. आमचा चोरीला गेलाय आन त्येच्या जागी ह्यो ठिवलाय."

हकीकत अशी होती. सुभेदारांचे आजोबा पहिल्या महायुद्धात परमुलखात मेले. गावचा एक सोबती परतला तेव्हा त्याने त्यांचा बिल्ला घरी आणून दिला. मृतदेह तर आला नाही, म्हणून घरच्यांनी तो बिल्लाच देव्हाऱ्यात ठेवला. कुलदैवताचे आणि पूर्वजांचे चांदीचे टाक आपल्याकडे पूजेत असतात, त्यांच्या रांगेत हाही बसला. रोज गंध, हळदकुंकू. चार पिढ्या तो देव होऊन राहिला.

आता गावात शहिदांचं स्मारक-दालन उभं राहत होतं. तिथे मांडण्यासाठी सुभेदारांनी बिल्ला देव्हाऱ्यातून काढला, गंध धुतलं आणि सवयीप्रमाणे फौजी पॉलिश मारून समोरची बाजू लख्ख केली. मग दचकले. भिंतीवरच्या मोठ्या रंगवलेल्या फोटोत आजोबांच्या फेट्यावर बिगुलाचा बिल्ला आहे. हातातल्या बिल्ल्यावर बिगुल नाहीच!

"संशय कुणावर?" मी विचारलं.

त्यांनी मान फिरवली. "देव उजळायचं काम सूनबाईचं. तिचं म्हायेर आटपाडीकडचं, गलाईवाल्याचं. धातूची पारख हाय त्यांला."

गलाईवाले म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे. आटपाडी, विट्याकडची ही माणसं पार केरळापर्यंत दुकानं थाटून बसली आहेत. सुभेदारांनी आपल्या मनातली फिर्याद त्या एका शब्दात मांडली होती. सून शिरवळच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती, नवरा सरहद्दीवर. सासऱ्याने तोंडावर चोर म्हटल्यावर ती लेकीला घेऊन माहेरी निघून गेली होती आणि नवऱ्याने बापाचा फोन उचलणं बंद केलं होतं. मी गुन्हा दाखल केला असता तर तिची नोकरी गेलीच असती, संसारही गेला असता. म्हणून म्हटलं, आधी चौकशी करू, मग बघू.

मी पोलीस माणूस. मला खांद्यावरचे तारे मोजता येतात, त्यापुढे अंधार. मग दालनाच्या समितीतले एक निवृत्त लष्करी हेडक्लार्क गाठले. त्यांनी भिंगाखाली बिल्ला धरला आणि तासभर माझी शिकवणी घेतली. मुकुट कसा ओळखावा, राजाचा गोल घुमटाचा आणि राणीचा मधे दबलेला. बिगुल म्हणजे हलकी पायदळ पलटण, बिगुलाच्या दोरीत पलटणीचा आकडा. एकमेकांवर ठेवलेल्या तोफा वेगळ्या, चांदणी वेगळी. मी मान डोलवत होतो आणि डोक्यात नुसता भाजीबाजार झाला होता.

"मग हा कुणाचा?"

"ही गुंफलेली अक्षरं बघा. रसद आणि वाहतूक खातं. म्हणजे खेचरांचा तांडा हाकणारे." ते घुटमळले. "सुभेदारांसमोर बोलू नका. त्यांच्या घरात सगळे लढाऊ पलटणीतले."

मी बोललो, कारण बोलणं भागच होतं. सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "बघा! म्हंजी बदललाच की. आमच्या घरात खेचरं हाकणारं कोण न्हवतं!"

तेवढ्यात सांगलीहून खबर आली. माझ्या ओळखीच्या एका खबऱ्याने सांगितलं, पेठेतल्या जुन्या नाणीवाल्याकडे बिगुलाचा बिल्ला आलाय, कुणी बाई विकून गेली. आता गाठ सुटली असं वाटलं. हवालदाराला घेऊन सांगली गाठली. दुकानदाराने बिल्ला पुढे ठेवला. बिगुल, वर मुकुट, सगळं फोटोतल्यासारखं! हवालदार माझ्या कानात म्हणाला, "सायेब, बाईनं घोटाळा केला बघा."

पण हेडक्लार्कांची शिकवणी थोडी तरी डोक्यात राहिली होती. मी बिल्ला उलटा केला. खरा बिल्ला ठशात दाबून काढतात, त्यामुळे पुढे जिथे फुगवटा तिथे मागे पोकळी असते. हा मागून सपाट आणि भरीव होता, अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. म्हणजे ओतीव नक्कल. विकणारी बाई शोधली तर ती बोहारीण निघाली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. एका नाटक कंपनीच्या मोडीत काढलेल्या कपड्यांत तिला इंग्रजी शिपायाचा कोट मिळाला होता, बिल्ला त्याच्यावरचा. सांगलीसारख्या नाटकवेड्या गावात चोरीचा माल शोधायला गेलो आणि हाती लागला सोंगाचा दागिना. आम्ही भडंग घेतलं आणि परत निघालो. दुसरं काय करणार?

आता एकच बिल्ला उरला होता, तोही चुकीचा, आणि बरोबर कुठे गेला याचा पत्ता नव्हता.

बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यायचा असतो. महिला शिपाई घेऊन मी आटपाडीला गेलो. उन्हाने रस्ता तापला होता. सुनेचे वडील ओसरीवर बसले होते, आयुष्यभर भट्टीपुढे बसून भुवया विरळ झालेला माणूस. त्यांनी पाणी दिलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

"सायेब, आवं, परमुलकात आमच्या हातात लोकं डोळं झाकून सोनं देत्यात. गुंजभर इकडचं तिकडं झालं असतं तर धंदा एका दिसात बसला असता. आन माजी लेक घरच्या देवाला हात घालंल व्हय?"

चोराच्या बापाकडूनही मी असलंच ऐकलेलं आहे, त्यामुळे फक्त नोंद केली. मग सून बाहेर आली. तिशीतली, चष्मा लावलेली. घाबरलेली नव्हती, चिडलेली होती. माझ्या अनुभवात खरा चोर आधी घाबरतो आणि चिडायचं नंतर आठवतो. पण अनुभवावर कुणी सुटत नाही.

"बिल्ला कधी बदलला?"

"बदललाच न्हाई. मी लग्न करून आले तवापास्नं त्यो तसाच हाय. बिगुल कवाच न्हवता."

"मग सुभेदारांना एवढी वर्षं दिसलं नाही?"

"मामंजी देवाला नमस्कार करत्यात, देव उजळत न्हाईत. त्यांनी गंधाखालचा बिल्ला कवा बघितलाच न्हाई."

मी पेन थांबवलं. घरातल्या देवाच्या टाकावर काय कोरलंय हे मला तरी कुठे सांगता येणार होतं?

"उजळताना काय करता? अगदी सुरुवातीपासून सांगा."

तिला प्रश्न वेडगळ वाटला असावा, पण तिने सांगितलं. "दसऱ्याला चिंच आन राख. समोरनं घासायचं, धुवायचं, पुसायचं. पाठीला हात लावायचा न्हाई. देव पालथा घालत न्हाईत, आत्यांनी पयल्या वर्षीच सांगितलं हुतं. त्यांला त्यांच्या सासूनं."

ठाण्यात परतल्यावर मी कपाटातून बिल्ला काढला आणि पालथा घातला. देवाची क्षमा मागून घातला, हेही लिहितो. समोरची बाजू सुभेदारांच्या पॉलिशने आरशासारखी होती, पण पाठीची पोकळी काळ्या-तांबड्या थराने गच्च भरलेली. अडकवायच्या दोन कड्यांच्या बुडाशी कुंकू आणि तेल दगडासारखं झालेलं. सुईने कोपरा उकरला, तर खाली थर, त्याखाली आणखी थर. हे महिन्या-दोन महिन्यांत कुणाला जमणारं काम नव्हतं. हा बिल्ला चार पिढ्या त्याच देव्हाऱ्यात होता.

सुभेदारांना दाखवलं. ते म्हणाले, "काळं काय, कुणीबी फासतंय. फोटू खोटा हाय का मग?"

त्यांचं म्हणणंही खोडता येत नव्हतं. पाठ म्हणते बिल्ला खरा, फोटो म्हणतो खोटा. दोन साक्षीदार, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नाही. मला रात्री झोप लागेना आणि दिवसा जेवण जाईना. बायको म्हणाली, "त्या बिल्ल्यालाच आता जेवायला वाढते."

पुन्हा एकदा घर आणि देव्हारा नीट पाहावा म्हणून गावात गेलो. काम आटोपल्यावर शेजारच्या घरातून चहाचं बोलावणं आलं. गावात चहा नाकारला की माहितीही आटते, म्हणून गेलो. भिंतीवर त्यांच्या पणजोबांचा तसाच मोठा रंगवलेला फोटो होता. फेट्यावर बिगुल.

"हेही त्याच पलटणीत का?"

"न्हाई न्हाई," घरमालक अभिमानाने म्हणाला. "आमचा पणजा तोफखान्यात हुता."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. तोफखान्याच्या माणसाच्या फेट्यावर पायदळाचा बिगुल? हेडक्लार्क असते तर त्यांना भोवळ आली असती. मी उठून फोटोजवळ गेलो. कोटाचं वरून दुसरं बटण दोऱ्यावर लोंबत होतं. उजव्या खिशाच्या झडपेवर शाईचा डाग. हे बटण मी आत्ताच पाहिलं होतं, सुभेदारांच्या भिंतीवर.

मग तिसरं घर, चौथं घर. तोंडं निराळी, कोट एकच. तेच लोंबतं बटण, तोच डाग. अख्ख्या आळीचे पूर्वज एकाच कोटात उभे होते!

साताऱ्यात तो फोटोवाला शोधायला वेळ लागला नाही. फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव होतं आणि नातू अजून पासपोर्टचे फोटो काढत बसला होता. तो हसत म्हणाला, "आजोबांकडं एक शिपायाचा कोट आन बिगुल लावलेला फेटा हुता. लढाईत गेलेल्यांचे फोटो कुठनं असणार? घरचे यायचे, म्हणायचे आमचा माणूस भिंतीवर पायजे. मग तोंडावळ्याच्या भावाला न्हाईतर चुलत्याला कोट घालून बसवायचे. वरनं आजोबा रंग भरायचे."

ज्या घरातला माणूस गेला, त्यांना तेव्हा हे माहीत होतं. पुढच्या पिढीला कुणी सांगितलं नाही, आणि तिच्या पुढची पिढी त्याच फोटोला हार घालत वाढली. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. आता हे सुभेदारांना सांगायचं कसं? आयुष्यात मी अनेक घरी मरणाच्या बातम्या घेऊन गेलो आहे. त्या दिवशी माझे पाय त्याहून जड झाले होते.

मी सगळं सांगितलं. ते उठून फोटोजवळ गेले.

"म्हंजी तोंडबी आज्याचं न्हाई?"

"बहुतेक त्यांच्या भावाचं."

"मग माज्या आज्याचं खरं काय ऱ्हायलं, सायेब?"

मी बिल्ला त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी त्यावरच्या गुंफलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग आवाज आला, फौजीच आवाज, पण आतून फुटलेला. "लिवा जबाबात. माजा आजा खेचरं हाकत हुता. गोळ्या चालू असताना दाणापाणी घिऊन जायचं म्हंजी काय खायचं काम न्हाई, मी फौजेत बघितलंय. सुनेवर माजी तक्रार न्हाई. लिवा."

मी लिहिलं. अर्ज निकाली निघाला. तो बिल्ला स्मारक-दालनात गेला नाही, फोटो मात्र गेले, आणि समितीने त्यांच्याखाली खरी हकीकत लिहिली. त्यावरून गावात दोन दिवस भांडणं झाली, मग शांत झालं.

खोटं बोलणारा माणूस पोलिसाला जड जात नाही. कुठेतरी त्याची कडी निसटते आणि आपण ती पकडतो. जड जातो तो मनापासून चुकीचं बोलणारा, कारण त्याच्या डोळ्यात खरेपणा असतो आणि त्याच्या रोखलेल्या बोटापुढे एखादा निरपराध जीव. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की चोर शोधण्याआधी चोरी झाली आहे का ते बघावं. हे पहिल्या वर्षाच्या शिपायालाही माहीत असतं, आणि तरी मी सांगलीपर्यंत पळालो होतो.

पण मला खरं आठवतं ते त्यानंतरचं. सुभेदार पुन्हा ठाण्यात आले. अंगावर इस्त्रीचा कोट, छातीवर स्वतःची पदकं. म्हणाले, "सूनबाईला आनाय जायाचंय. तुमी संगं चला. मला एकट्याला जमायचं न्हाई." शत्रूसमोर उभा राहिलेला माणूस आटपाडीच्या एका ओसरीला घाबरला होता. मी साध्या कपड्यांत गेलो.

सून दारात आली. सुभेदार पायरीखालीच थांबले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला, पालथा.

"पाठ बघ, पोरी. माज्या आज्जीचा, माज्या आईचा, तुज्या सासूचा हात हाय ह्यात. आन तुजाबी. मी पुढली बाजूच चकाकवत बसलो."

तिने बापाकडे पाहिलं, मग बिल्ल्याकडे. बोटाने तो अलगद सुलटा केला.

"मी हिकडं आल्यापास्नं गंध लावलं का देवांना?"

सुभेदारांनी मान खाली घातली.

"म्हंजी सगळे पारोसे ठिवले," ती म्हणाली आणि पिशवी भरायला आत वळली.